लहरी गारव्याची कुळकथा

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक असला तर पुष्कळदा खिशातले पैसे वाचतात. आज अशाच एका वस्तूची कुळकथा सांगायची आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीतले हवा गार करणारे यंत्र. सारे जण त्याला ‘एसी’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

एके काळी हे यंत्र श्रीमंतांच्या गाडीची शोभा होते. आज ते तालुक्याच्या डॉक्टरांच्या गाडीत आहे, रुग्णवाहिकेत आहे, लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपमध्ये आहे आणि एसटीच्या शिवनेरीतही आहे. २०२३ साली केंद्र सरकारने मालट्रकच्या चालकाच्या खोलीत तो बसवण्याची अधिसूचना काढली. भर उन्हात तापलेल्या इंजिनाशेजारी दहा-दहा तास बसणाऱ्या माणसाची ही चैन नव्हे, गरज आहे.

या यंत्राबद्दलची एक तक्रार मात्र जिकडेतिकडे ऐकू येते. “सकाळी छान गार करतो हो, पण दुपारी रुसतो.” “चालत्या गाडीत ठीक, फाटकापाशी थांबलो की गरम वारा.” “तास-दीड तास चालतो, मग झोपतो, पुन्हा आपोआप जागा होतो.” सबंध बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे सोपे. लहरी यंत्र फार अवघड, कारण मिस्त्रीपुढे नेले की ते शहाण्या मुलासारखे वागते! मग मिस्त्री म्हणतो, “गॅस कमी झाला असेल, भरून टाकू.” गॅस भरला जातो, आठ दिवस बरे जातात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यात गाडीवाल्याचे पैसे जातात. आणखीही काही जाते, ते पुढे सांगतो.

या लहरीपणाचे कारण शोधायचे तर यंत्राच्या जन्माकडे गेले पाहिजे. त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या अडचणीवर तोड म्हणून जन्मला. तो भाग थकला, की जुनी अडचण पुन्हा डोके वर काढते. एसीच्या खोडी म्हणजे बहुतेक त्याच्या बालपणीच्याच खोडी होत.

मुळात गारवा येतो कुठून? आपल्या घरचा माठ पाहा. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता शोषून नेते. गारवा ‘येत’ नाही, उष्णता ‘जाते’. गुरुजींनी वर्गात मुलांच्या हातावर स्पिरिटचा एक थेंब टाकला, तर हे तत्त्व अर्ध्या मिनिटात पटेल. अठराव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील विल्यम कलन या प्राध्यापकाने हवा काढून टाकलेल्या भांड्यात ईथरची झपाट्याने वाफ करून थोडासा बर्फ बनवून दाखवला. पण तो प्रयोग प्रयोगशाळेतच राहिला.

तोवर जगाला थंडावा पुरवत होता तो निसर्गाचा बर्फ. अकबराच्या काळी सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करीत आणि हिमालयातला बर्फ लाहोरला आणीत, हे ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेले आहे. पुढे अमेरिकेत बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून तो जहाजांनी उष्ण देशांत विकण्याचा धंदा काढला. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. चार महिन्यांचा समुद्रप्रवास, तोही विषुववृत्त दोनदा ओलांडून! सप्टेंबरात ते कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. मद्रासला त्यासाठी बांधलेली बर्फाची कोठी आजही समुद्रकिनारी उभी आहे; १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते म्हणून ती आता त्यांच्या नावाने ओळखली जाते.

या बर्फाच्या धंद्याने आपल्याला एक शब्द दिला. दुकानात आपण ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. चोवीस तासांत एक टन, म्हणजे अमेरिकन मापाने २००० पौंड, बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढून नेणारे यंत्र ते एका टनाचे. लहान मोटारीतला एसी साधारण याच मापाच्या आसपास असतो. जी शक्ती एका लहानशा खोलीला पुरते, ती एवढ्याशा गाडीला का लागते? कारण गाडी म्हणजे उन्हात ठेवलेली काचेची पेटी. हेही लक्षात असू द्या. कारण दुपारी तीन वाजता उन्हात तापलेली गाडी पाच मिनिटांत गार झाली नाही, तर तो बिघाड नव्हे. आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा.

आता यंत्राकडे येऊ. १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने जे पेटंट घेतले, त्यात आजच्या एसीचा सारा सांगाडा आहे. एक द्रव घ्यायचा. त्याची वाफ होऊ द्यायची, म्हणजे ती उष्णता शोषील. ती वाफ पंपाने दाबायची. दाबलेली गरम वाफ नळ्यांतून फिरवून थंड करायची, म्हणजे तिचा पुन्हा द्रव होईल. आणि तो द्रव अरुंद छिद्रातून पुन्हा मोकळा सोडायचा. तोच द्रव, तेच चक्र. दाबणारा तो कॉम्प्रेसर. उष्णता बाहेर टाकणारी जाळी तो कंडेन्सर. मोटारीत तो रेडिएटरच्या पुढे असतो. छिद्र म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. आणि गाडीच्या आत, डॅशबोर्डाखाली, जिथे वाफ होते ती कूलिंग कॉइल. सायकलीला हवा भरताना पंप तापतो आणि फवाऱ्याचा डबा खूप वेळ दाबून धरला की गार पडतो, हे मुलांनी पाहिलेले असते. एसीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, दोन टोकांना घडत असतात.

या छिद्रापाशीच लहरीपणाचे एक जुने कारण दडले आहे. नळ्यांत चुकून ओल शिरली, तर ती त्या अरुंद छिद्राशी येऊन गोठते. बर्फाचा कण बसला की वाट बंद आणि गारवा बंद. थोड्या वेळाने तो कण वितळतो आणि गारवा परत येतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते यंत्राला लहर आली! म्हणून यंत्रात ओल शोषणाऱ्या दाण्यांची एक कुपी बसवतात. मिस्त्री तिला ड्रायर म्हणतात. नळ्या उघडल्या की ड्रायर बदलायचा आणि गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा पुरेसा वेळ ओढून काढायची. दाब अगदी कमी झाला, की पाणी साध्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. जो मिस्त्री व्हॅक्यूम न काढता गॅस भरतो, तो पुढच्या बिघाडाचे बी पेरतो.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. फ्लॉरिडात जॉन गोरी नावाचे डॉक्टर होते. तापाच्या रोग्यांच्या खोल्या गार राहाव्यात म्हणून त्यांनी बर्फ बनवणारे यंत्र तयार केले आणि १८५१ साली त्याचे पेटंट मिळवले. हेतू थोर, पण पैसा उभा राहिला नाही. त्यानंतर अर्ध्या शतकाने यश आले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर कागदासाठी! १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे-आकसे, आणि एकावर एक छापायचे रंग जुळत नसत. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनियराने गार नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला ओलावा काढण्याची योजना आखली. हवा गार करणे आणि हवा कोरडी करणे ही दोन्ही कामे इथे एकत्र आली.

पावसाळ्यात एसी लावला की गाडीखाली पाणी ठिबकते, ते हेच. घाबरू नका, ते हवेतले पाणी आहे. मात्र ते पाणी ठिबकण्याऐवजी कॉइलवरच गोठले तर? मग बर्फाचा थर बसतो, हवेला वाट उरत नाही, पंखा पूर्ण जोरात असूनही समोरच्या झरोक्यांतून वारा मंद होत जातो आणि गारवा संपतो. एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की बर्फ वितळतो, गाडीखाली पाणी पडते, आणि पुन्हा सारे ठीक. ही खूण पक्की ध्यानात ठेवा : *वारा कमी होत होत गारवा गेला, तर कॉइल गोठते आहे.* अशा वेळी प्रथम आतली हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, धुळीने बुजली आहे का ते पाहावे. आपल्या रस्त्यांवर ती फार लवकर बुजते. जाळी स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल, तर कॉइलचे तापमान पाहून कॉम्प्रेसर थांबवणारा सेन्सर तपासून घ्यावा. गॅस कमी झाला तरी कधी कधी कॉइलचा काही भाग गोठतो.

आता मोटारीची पाळी. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या मोटारींसाठी कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. कूलिंग कॉइल होती मागच्या आसनापाठीमागे, आणि कॉम्प्रेसर इंजिनावर पट्ट्याने फिरे. गंमत अशी, की त्या कॉम्प्रेसरला इंजिनापासून सोडवण्याची सोयच नव्हती! थंडीच्या दिवसांत तो थांबवायचा, तर गाडी उभी करून, बॉनेट उघडून, हाताने पट्टा काढून ठेवावा लागे. ही महाग सोय फारशी खपली नाही, आणि युद्धाच्या धामधुमीत ती मागे पडली.

१९५४ साली नॅश कंपनीने सारे यंत्र गाडीच्या पुढच्या भागात बसवले, आणि विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच दिला. ही कंपनी केल्व्हिनेटर या शीतकपाटवाल्या कंपनीशी जोडलेली होती, हे इथे सांगण्यासारखे आहे. क्लचचे काम सोपे : वीज मिळाली की चुंबक चकती ओढतो आणि कॉम्प्रेसर फिरतो, वीज तुटली की चकती सुटते. एसी लावताना बॉनेटखालून येणारा ‘टक्’ आवाज तो याचाच. क्लच मधूनमधून सुटणे आणि लागणे हे बऱ्याच गाड्यांत नेहमीचेच असते. तो दोष नव्हे. घाटात इंजिनाला सारी ताकद लागते, तेव्हाही काही गाड्यांत कॉम्प्रेसर मुद्दाम थोडा वेळ सोडवला जातो. तोही दोष नव्हे.

दोष केव्हा? सकाळी क्लच लागतो आणि तासाभराने, सारे तापल्यावर, लागत नाही तेव्हा. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने चकती झिजते आणि चुंबक व चकती यांमधली फट वाढते. त्यात तारेचे वेटोळे तापले की त्याची ओढ कमी होते. गार असताना जेमतेम पोहोचणारा हात तापल्यावर पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हीच लक्षणे सैल रिले, गंजलेली अर्थिंगची तार किंवा घसरणारा पट्टा यांमुळेही दिसतात. असल्या जागी गॅस भरून काय होणार? दुखणे दाताचे आणि औषध पोटाचे!

१९४० च्या दशकात आणखी एक पेटंट मिळाले, ते फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स या कृष्णवर्णी अमेरिकन संशोधकाला. त्यांनी मालट्रकसाठी टिकाऊ शीतयंत्र बनवले. अशा यंत्रांचा मोठा शत्रू होता रस्त्याचा हादरा. आज नाशिकची द्राक्षे गार पेटीतून बंदराकडे जातात, त्यामागे ही वाटचाल आहे.

हादऱ्याची ही गोष्ट प्रत्येक मोटारीला लागू आहे. घरच्या शीतकपाटाचा कॉम्प्रेसर विजेच्या मोटरीसकट लोखंडी डब्यात कायमचा बंद केलेला असतो; म्हणून त्याचा गॅस वीस-वीस वर्षे टिकतो. मोटारीत मात्र कॉम्प्रेसरला फिरवणारा दांडा बाहेर येतो, तिथे सील लागते. आणि इंजिन हलते म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. सील झिजते, रबर म्हातारे होते, आणि गॅस हळूहळू पळतो. गॅस कमी झाला की दाब पाहणारा स्विच कॉम्प्रेसर थांबवतो, दाब किंचित वाढला की पुन्हा लावतो. मग क्लच ‘टक्-टक्, टक्-टक्’ असा दर काही क्षणांनी लागतो नि सुटतो. ही गॅस कमी झाल्याची खूण. पण गॅस ‘संपत’ नाही, पेट्रोलसारखा तो जळत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठूनतरी गेला. जोडांवर तेलकट डाग शोधावा, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, चमकणाऱ्या रंगाची चाचणी करून घ्यावी. आधी भोक, मग गॅस. हा क्रम कधी उलटा करू नये.

आणि चालत्या गाडीत गार, थांबल्यावर गरम, हे कशाने? इथे दोष बहुधा पुढच्या जाळीपाशी असतो. गाडी धावते तेव्हा वारा कंडेन्सरला थंड ठेवतो. थांबली की सारी भिस्त पंख्यावर. पंखा मंद असेल किंवा जाळीत चिखल, कडब्याचा भुसा, किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही, दाब भलता वाढतो आणि संरक्षक स्विच यंत्र थांबवतो. अशा वेळी पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

आता त्या गॅसची कथा. सुरुवातीला शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड यांसारखे विषारी वायू असत. गळती झाली तर माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रिऑन हा नवा वायू शोधला. १९३० साली मिजली यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू स्वतः हुंगला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही, पेटत नाही, याचा तो जाहीर दाखला होता. दाखला खरा होता. पण ती मेणबत्ती आकाशाबद्दल काहीच सांगू शकत नव्हती.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की हा वायू वर्षानुवर्षे टिकून वरच्या थरात जातो आणि तिथे सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करणाऱ्या ओझोनचा नाश करतो. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोनची भयंकर घट जाहीर झाली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि २०१० पासून आपल्याकडे, औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद सोडता, हे वायू बंद झाले. १९९५ साली मोलिना आणि रोलंड यांना क्रुट्झेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मोटारींत त्या जागी ‘आर-१३४ए’ हा वायू आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १४०० पट भारी आहे. गुरुजींनी फळ्यावर हे गणित जरूर मांडावे : लहान गाडीत सुमारे अर्धा किलो गॅस. तो गळून गेला, तर ७०० किलो कार्बन डायॉक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायॉक्साइड निघतो. म्हणजे हे ३०० लिटर पेट्रोल उगाच जाळल्यासारखे. भोक न बुजवता दर उन्हाळ्यात गॅस भरणारा माणूस दर उन्हाळ्यात हे करतो. ‘आणखीही काही जाते’ असे मी आरंभी म्हटले, ते हेच. २०१६ च्या किगाली ठरावाने हे वायूही कमी करायचे ठरले आणि २०२१ साली भारताने त्याला मान्यता दिली.

दोन धोक्याच्या सूचना देणे माझे कर्तव्य आहे. या नळ्यांत मोठा दाब असतो, आणि बाहेर सुटलेला द्रव उणे २६ अंशांना उकळतो. तो डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून घरच्या पान्याने नळ्या सोडू नयेत. दुसरे, स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस एसीत भरून घेऊ नये. तो पेट घेतो, आणि कूलिंग कॉइल गाडीच्या आत, आपल्या मुलाबाळांसमोर असते.

तेव्हा वाचकहो, एसी लहरीपणा करू लागला की ताबडतोब गॅरेज गाठू नका. आधी एक वही घ्या. गारवा केव्हा गेला? गाडी उभी होती की चालत होती? वारा कमी झाला होता, की वारा तेवढाच होता पण गरम होता? क्लचचा आवाज कसा येत होता? किती वेळाने गारवा परतला? चार दिवसांची ही टिपणे मिस्त्रीच्या हाती द्या. जे लक्षण त्याच्यापुढे प्रकट होत नाही, ते तुमच्या वहीतून त्याला दिसेल. गावोगावचे आपले मिस्त्री हुशार आहेत; हाताला गुण असलेल्या माणसाला नीट हकिकत मिळाली, तर अर्धी दुरुस्ती तिथेच होते. इतिहासकार तरी दुसरे काय करतो? केव्हा, कुठे, कशानंतर काय घडले, हे आधी नीट नोंदवतो, आणि मगच कारण सांगायला धजतो.